पावापुरीची पहाट आणि उचंत खाते

बँकेच्या सदतीस वर्षांच्या नोकरीत बहुतेक काळ माझे वर्ष ३१ मार्चच्या रात्री संपत असे. ताळेबंद जुळला की चहा मागवायचा आणि १ एप्रिलची पहाट शाखेतच उजाडलेली पाहायची, असा परिपाठ होता. घरचे वर्ष मात्र दिवाळीला संपे. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून प्राप्तिकर कायद्याने सर्वांचेच हिशेबी वर्ष ३१ मार्चला आणून बांधले, तरी बार्शीच्या आमच्या आडत दुकानातील वहीपूजन थांबले नाही. हिशेब संगणकात गेला, पण लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही अजूनही दर दिवाळीला आणली जाते. पहिल्या पानावर ‘श्री’ उतरवायचा, शुभ-लाभ लिहायचे आणि गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमारांची बुद्धी, बाहुबलींचे बळ आपल्याला लाभो, अशी प्रार्थना करायची. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे असेच चालत आले आहे. गौतमस्वामींसारख्या निर्मोही पुरुषाचे नाव नफ्या-तोट्याच्या वहीवर का, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. तो पडला गेल्या दिवाळीत, पावापुरीला.

आम्ही उभयता धनत्रयोदशीला तेथे पोहोचलो. पाटण्याहून बख्तियारपूर, बिहार शरीफ असा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना भाताची शेते पिवळी पडू लागली होती. बाजारात छठपूजेच्या तयारीची सुपे आणि टोपल्या रचून ठेवल्या होत्या. नालंदा आणि राजगीर येथून जवळच. दोहोंच्या मधल्या सिलाव गावचा खाजा प्रसिद्ध आहे. भगवंतांनी ज्या मगधात अनेक चातुर्मास केले, तो मगध आज एक साधा, कष्टाळू शेतकरी मुलूख आहे.

पावापुरीचे जलमंदिर आपण सर्वांनी चित्रात पाहिलेले असते. प्रत्यक्षात ते चित्रापेक्षा लहान आणि अधिक शांत वाटते. विस्तीर्ण तलाव, त्यात कमळाची पाने, मधोमध पांढऱ्या संगमरवराचे मंदिर आणि काठापासून तेथवर नेणारा लांबलचक दगडी पूल. आत मूर्ती नाही, भगवान महावीरांच्या चरणपादुका आहेत. दोन बाजूंना गौतमस्वामी आणि सुधर्मास्वामी यांच्या पादुका आहेत. परंपरा सांगते की, भगवंतांच्या अंत्यसंस्कारानंतर लोकांनी तेथील रक्षा मस्तकी लावण्यासाठी उचलली. रक्षा संपल्यावर माती उचलली आणि चिमूट चिमूट नेता नेता तेथे खड्डा पडून तलाव झाला. पुढे भगवंतांचे ज्येष्ठ बंधू नंदिवर्धन यांनी तेथे मंदिर उभारले, असे मानतात. चिमूटभर मातीने तलाव होतो, हे व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे जी आश्विन अमावास्या, ती उत्तरेकडे कार्तिक कृष्ण अमावास्या. त्या रात्रीच्या अखेरीस, वयाच्या ७२ व्या वर्षी, भगवंतांचे निर्वाण झाले. वीर निर्वाण संवत इसवी सनापूर्वी ५२७ पासून मोजला जातो, तो याच घटनेपासून. शेवटचे सोळा प्रहर त्यांनी अखंड देशना दिली आणि उत्तराध्ययन सूत्राची ३६ अध्ययने ही त्याच देशनेची ठेव, अशी श्वेतांबर परंपरेची श्रद्धा आहे. काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी त्या रात्री दिवे लावले, कारण ज्ञानाचा दिवा विझला होता, अशी कथा कल्पसूत्रात येते. दिगंबर आचार्य जिनसेन यांनी शके ७०५, म्हणजे इसवी सन ७८३ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणातही या निर्वाणाचा आणि दीपोत्सवाचा संबंध सांगितला आहे. पंथ कोणताही असो, आपली दिवाळी एका वियोगाच्या रात्री लावलेल्या दिव्यांची आहे.

पहाटे आम्ही पुलावरील रांगेत उभे होतो. हवेत गारवा होता. गुजराती, मारवाडी, कन्नड, मराठी, सगळ्या भाषांतील नवकार एकाच सुरात मिसळत होता. निर्वाण लाडू चढवला गेला तेव्हा पूर्वेला अजून उजाडले नव्हते. रांगेतून बाहेर आल्यावर मी काठावर बसलो आणि गौतमस्वामींच्या पादुका आठवत राहिलो.

ती कथा आपल्याला पाठ असते. इंद्रभूती गौतम हे पट्टशिष्य. भगवंतांनी त्यांना देवशर्मा ब्राह्मणाला बोध करण्यासाठी जवळच्या गावी पाठवले. परतताना वाटेतच त्यांना निर्वाणाची वार्ता कळली. ज्यांच्या सावलीत इतकी वर्षे काढली, त्यांच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, या विचाराने ते विलाप करू लागले. मग विलाप करता करता त्यांनी स्वतःकडे पाहिले. आपल्याला अडवून ठेवणारी गाठ कोणती, ते त्यांना दिसले, आणि पाडव्याच्या पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेत ते अमावास्येच्या सायंकाळी झाले असे मानतात. म्हणजे आपल्या नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर जी प्राप्ती आहे, ती काही मिळवून झालेली नाही, सोडून झालेली आहे. वहीवर त्यांचे नाव लिहिणाऱ्या पूर्वजांना हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्या घरी पाडव्याच्या सकाळी सर्वांनी थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, पाया पडायचे असा रिवाज आहे. त्या वर्षी मी प्रथमच घरी नव्हतो, म्हणून फोन केला.

“निर्वाण लाडू मिळाला का?” दादांनी विचारले.

“मिळाला.”

“तलावात कमळं आहेत का अजून?”

“पानं पुष्कळ आहेत. फुलं थोडी.”

ते क्षणभर थांबले. “आणि ती कचेरी कुठे दाखवतात का रे?”

“कसली कचेरी?”

“हस्तिपाल राजाच्या कारकुनांची. भगवंतांचा शेवटचा चातुर्मास तिथेच झाला ना? कल्पसूत्रात रज्जुगसभा म्हटलंय. रज्जू म्हणजे दोर. दोरानं जमीन मोजून लिहून ठेवणारे लोक असावेत. तू बँकेतला माणूस, मला वाटलं तू आधी तीच शोधशील.”

मला यातले काही ठाऊक नव्हते. “तुम्हाला कुठून माहीत?” मी विचारले.

“शाळेत धडा होता, अर्धमागधीला.”

“दादा, तुम्ही इथे यायला हवं होतं.”

“दिवाळीत गादी सोडून कसं येणार? वहीपूजन कोण करणार?” असे म्हणून, वहिनी बोलावते आहे, या सबबीवर त्यांनी फोन ठेवला.

मी फोन हातात धरून तलावाकडे पाहत उभा राहिलो. तो धडा त्यांनी शिकला त्याला सत्तावन्न वर्षे झाली होती.

१९६७ साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा दादा मॅट्रिकच्या वर्गात होते. अर्धमागधीत ते वर्गात पहिले असत. परीक्षेला न बसता ते दुकानात जाऊन बसले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. १९७२ च्या दुष्काळात धान्याचा व्यापार अडचणीत आला, तरी माझी शाळा चुकली नाही. पुढे मी पुण्याला एम.कॉम. करीत असताना दरमहा ६० रुपयांची मनीऑर्डर येई. खाली मजकुरासाठी जी चार बोटे जागा असे, तेथे दादा एकच ओळ लिहीत: ‘अक्षर नीट काढीत जा.’

वडील गेल्यावर १९९४ मध्ये वाटणी झाली. मला पुण्यात घर घ्यायचे होते. दुकानाच्या जागेचे मूल्यांकन मीच करवून घेतले आणि निम्मा हिस्सा मागितला. दादांकडे तेवढी रक्कम एकदम नव्हती. पाच हप्ते ठरले. त्यावर मुदत ठेवीच्या दराने व्याज लावून तक्ता मीच तयार केला. कायद्याने त्यात वावगे काही नव्हते. दादांनी तक्ता वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि प्रत्येक हप्ता दिवाळीआधी पोहोचता केला. आमच्यात कधी वितुष्ट आले नाही. दर संवत्सरीला मी त्यांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत आलो. अलीकडे तर तोच संदेश एका बोटाने तीनशे जणांना जातो, त्यांत तेही असत.

बँकेत एक उचंत खाते असते. रक्कम आली, पण ती कोणत्या खात्याची हे ठरले नाही, की तात्पुरती तेथे ठेवतात. तपासनीस आला की प्रथम हेच खाते उघडतो आणि विचारतो, ही नोंद किती जुनी? जितकी जुनी, तितका जाब कठीण. इतरांना हा जाब मी वर्षानुवर्षे विचारला. माझे शिक्षण कोणाच्या खात्यावर झाले, ही नोंद मात्र मी स्वतः सत्तावन्न वर्षे उचंत ठेवली होती. पावापुरीत मला साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. एका जुन्या नोंदीची तारीख तेवढी दिसली.

आम्ही ज्ञानपंचमीच्या आदल्या रात्री बार्शीला पोहोचलो. कार्तिक शुद्ध पंचमी ही आपल्याकडे ज्ञानाची उपासना करण्याची आणि व्यापाऱ्यांसाठी लाभपंचमी म्हणून दुकान पुन्हा उघडण्याची तिथी. सकाळी मी दादांच्या शेजारी गादीवर बसलो, पावापुरीहून आणलेला प्रसाद दिला आणि नवी वही मागितली. पहिल्या पानावर ‘श्री शिल्लक’ लिहिलेली होती. समोरच्या पानावर नावे बाजूला मी माझे नाव घातले आणि पुढे लिहिले: ‘शिक्षण, सन १९६७ पासून.’ रकमेची जागा कोरी ठेवली.

दादांनी चष्मा लावून नोंद वाचली. बराच वेळ वाचली.

“अरे, हे उधार दिलं असतं तर तेव्हाच नावे टाकलं असतं,” ते म्हणाले.

“आणि ते व्याज, दादा...”

“त्याचं काय? वेळेवर दिलं होतं की.”

मला पुढे बोलता आले नाही. मी वाकून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले. ती संवत्सरी नव्हती, पण तीस वर्षांत प्रथमच ते कशाबद्दल आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ती नोंद खोडू का, असे मी विचारले, तर म्हणाले, “नव्या वहीत खाडाखोड करत नाहीत. राहू दे.”

दुपारी त्यांनी कपाटातून एक पिवळे पडलेले अर्धमागधीचे व्याकरण काढले. कव्हर गेले होते, पाने शाबूत होती. “निवृत्त झालास, आता वेळ आहे ना?” त्यांनी विचारले. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता, दुकान उघडण्यापूर्वी, मी पुण्याहून फोन लावतो आणि दादा अर्धा तास शिकवतात. मी एम.कॉम., ते मॅट्रिकला न बसलेले. चुकलो तर ते अजूनही मास्तरांसारखे थांबतात. आम्ही उत्तराध्ययनाच्या दहाव्या अध्ययनापासून सुरुवात केली, कारण ते गौतमस्वामींना उद्देशून आहे. झाडावरून गळणाऱ्या पिवळ्या पानाच्या दाखल्याने ते सुरू होते आणि क्षणभरही गाफील राहू नकोस, असे पुन्हा पुन्हा बजावते. पर्युषणापर्यंत ते पूर्ण झाले. आता पहिले अध्ययन चालू आहे. त्याचा विषय विनय आहे. मला तेथूनच सुरुवात करायला हवी होती.

निवृत्तीनंतर मन कशात रमवावे, असा प्रश्न अनेक स्नेही विचारतात. मला माझी आवड सापडली, ती माझी स्वतःची नव्हतीच. दादांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेली ती आवड होती, आणि आता ती आम्हा दोघांची झाली आहे. वाचकहो, आपल्या घरातही कोणी तरी असे गादीवर थांबले असेल, म्हणून दुसरे कोणी शिकले, परदेशी गेले, स्थिरावले. नव्या वहीवर गौतमस्वामींचे नाव लिहिताना त्या व्यक्तीचे खाते एकदा उघडून पाहावे. फेड होणार नाही. पण नोंद तरी योग्य खात्यावर जाईल.

या दिवाळीत दादा आणि वहिनी पावापुरीला निघाले आहेत. धाकटा पुतण्या सोबत आहे. जलमंदिरानंतर रज्जुगसभेची चौकशी करायची, हे दादांनी आतापासून ठरवून ठेवले आहे. वहीपूजनाला गादीवर मी बसणार आहे. परवा फोनवर त्यांनी सर्व सूचना दिल्या: कुंकू कोठे आहे, वही कोणाकडून आणायची, श्री शिल्लक कशी मांडायची. शेवटी थोडे थांबून म्हणाले, “आणि हे बघ, अक्षर नीट काढ.”