दुसऱ्या दाराचे कुलूप

चिझम या वास्तुविशारदाने आखलेली आमच्या बडोद्याच्या कला विद्याशाखेची इमारत पाहुणे पाहतात ती घुमटासाठी. आम्हांस मात्र तिच्या ओसऱ्याच अधिक भावतात. वर्गाबाहेर पाऊल टाकले की ओसरी, ओसरी उतरली की मोकळे आवार. भूकंपात अशी जुनी बांधणी कितपत तग धरील हा प्रश्न निराळा. पण आग लागली तर माणसास पळण्यास वाट आहे. आजचे शिकवणीवर्ग भरतात ते व्यापारी संकुलांच्या वरच्या मजल्यांवर, काचेच्या तावदानांआड, एकाच जिन्याच्या भरवशावर. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर अडकलेल्या मुलांनी खाली उड्या टाकल्या. त्या दुर्घटनेत २२ विद्यार्थी गेले.

सरकारी सेवेत असताना आम्ही शाळा-महाविद्यालयांच्या पुष्कळ तपासण्या केल्या. दुसरे दार बहुतेक ठिकाणी असे, आणि त्याला कुलूपही असे. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले, ‘‘चोऱ्या होतात, साहेब.’’ किल्ली ज्या शिपायाकडे, तो नेमका रजेवर! एका महाविद्यालयात आमच्यादेखत इमारत रिकामी करण्याचा सराव झाला. घंटा झाली, पण ती मधल्या सुटीच्याच घंटेसारखी. मुले हसत उपाहारगृहाकडे वळली. खाली कोण उतरले, कोण राहिले, हे ताडून पाहावे तर हजेरीपट वरच टेबलावर. तो आणावयास एक प्राध्यापक पुन्हा जिना चढू लागले. खरी आग असती तर?

कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील ठिणगी गवती छपरास लागली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. निकालाची प्रत फायलीत लावणे सोपे असते. कुलूप काढणे तेवढे जमत नाही.

बाहेर पडले की सुटलो, ही समजूतही अपुरी आहे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताकदिनाची फेरी चालली होती. मुले इमारतीत नव्हती, उघड्यावर होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. दीडशेहून अधिक मुले गेली. म्हणून जमण्याची जागा भिंतींपासून, विजेच्या तारांपासून दूर, आधी ठरलेली हवी. शिवाय आगीचा नियम भूकंपाला लागू नाही. आगीत दप्तर टाकून, धुरात वाकून, लिफ्टकडे न फिरकता तत्काळ निघावयाचे. भूकंपात हादरे थांबेतो बाकाखाली डोके झाकून बसावयाचे आणि मग निघावयाचे. दोहोंसाठी इशारे वेगळे नकोत काय?

आमचा नातू सध्या तिसऱ्या मजल्यावरील एका शिकवणीस जातो. परवा तेथील व्यवस्थापकांना आम्ही दुसरा जिना दाखवावयास सांगितले. त्यांनी कुरकुरत दार उघडले. आत जुनी बाके छतापर्यंत रचलेली होती. ‘‘काका, आठवड्यात काढतो,’’ असे ते म्हणाले. तोवर नातू घरीच अभ्यास करतो आहे. त्याच्या आईस हे फारसे रुचलेले नाही. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.