घोटाभर पाणी

कुडाळ

चि. सोनू,


व्हाळाच्या चित्राचा फोटो मिळाला. गोटे झकास. ‘पाणी प्लॅस्टिकचं का वाटतं’ म्हणतेस, तर तू पाणी वेगळं रंगवायला गेलीस म्हणून. सगळीकडे सारखाच निळा वॉश, वर चायनीज व्हाइटच्या रेघा! त्या रेघांवर माझा जुना राग आहे.

नितळ, घोटाभर पाण्यात दिसतो तो तळ, नाहीतर आभाळ. कोणतं, ते नजरेच्या कोनावर ठरतं. सरळ खाली पाहिलंस तर जेमतेम २ टक्के उजेड वरच्यावर परततो, म्हणून पायाजवळचे गोटे स्वच्छ दिसतात. नजर पाण्याशी १० अंशांवर आली की ३५ टक्के. पलीकडे तर आभाळच आभाळ. तू मात्र पार लांबपर्यंत गोटे काढत गेलीस.

खरी मजा करंजाच्या प्रतिबिंबात आहे. ते काळपट, त्यामुळे तेवढ्या जागी आभाळाची चकाकी अडते आणि तळ पुन्हा उघडा पडतो. झाडाच्या आकारात बर्न्ट सिएनाचे गोटे, बाहेर फिकट कोबाल्ट. सावलीची गल्लत मात्र करू नकोस. नितळ पाण्यात ती वर पडतच नाही, खालच्या वाळूवर पडते. पाण्यावर पळणारा तो लांब पायांचा किडा बघ. पाय एवढेसे बारीक, पण वाळूवर त्यांच्या सावल्या टिकलीएवढ्या गोल, भोवती उजेडाची कड. पायाखाली पाणी किंचित दबतं आणि तो खळगा उजेड बाजूला वळवतो.

जलरंगात गडदावर फिकट चढत नाही, म्हणून लांबचे गोटे मुळातच पुसट ठेव. आधी तळ, तो पूर्ण सुकू दे. मग आभाळाचा वॉश एका हातात, झाडाचा आकार चुकवून. पुन्हा ब्रश फिरवलास तर गोटे सुटून चिखल होतो.

होआकिन सोरोयाचं ‘चिकोस एन ला प्लाया’ मोठं करून बघ. १९१० चं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळ थरात पालथी पडलेली तीन पोरं. ते तेलरंगात, त्यामुळे गडदावर फिकट टाकायची सोय होती. तरी पाण्याचा म्हणून वेगळा रंग शोधलास तर ओली वाळू आणि अंगांची प्रतिबिंबंच हाती लागतील.

कार्ट्रिज कागदावर हे करू नकोस, फुगतो. आईकडे हँडमेडचे ताव दिलेत, त्यातला जाड घे. आणि व्हाळ आटायच्या आत ये, उन्हं वर चढल्यावर बसू.

तुझा,
मामा