सुट्टीचा रकाना

जुमा तलावाच्या बाजूची घरे एके काळी एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर आपली घड्याळे जुळवीत. जमशेदजी टाटांनी ही मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, त्यावरून हे नाव पडले. १९८६ साली टाटांची मालकी संपून मिल राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ साली ती कायमची बंद झाली. पुढे त्या जमिनीवर मॉल उभा राहिला. ज्या ठिकाणी काहींचे काम गेले, तेथेच इतर जण आपला फावला वेळ घालवू लागले. या योगायोगावर मी तरी फारसा विचार केला नव्हता.

त्या काळी मी नुकताच धर्मगुरू झालेला तरुण होतो. २००५ सालच्या सप्टेंबरातील एका रविवारी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचला गेला. प्रवचनात मी बाजारात दिवसभर उभ्या राहिलेल्या मजुरांना आळसाचे उदाहरण म्हणून वापरले आणि आळस हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे, यावर पुष्कळ वेळ बोललो. दुसऱ्या बाकावर मिलच्या विणकाम खात्यातून बाहेर पडलेले एक गृहस्थ बसले होते. बाहेर येताच मी त्यांना म्हणालो, ‘काका, आता तुम्हांला निवांतपणा मिळाला आहे, रोज मिस्सेला येत चला.’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘फादर, सुट्टी त्यालेच राह्यते जी, ज्याले ड्युटी राह्यते.’

पुढच्या रविवारपासून ते येईनासे झाले. त्यांची पत्नी मात्र येत असे. तीही घाईत, कारण दोन घरची धुणीभांडी तिने धरली होती.

सेमिनरीत आम्ही योझेफ पीपर यांचा १९४८ सालचा निवांतपणावरील ग्रंथ अभ्यासला होता. खरा निवांतपणा म्हणजे आळस नव्हे. ती आत्म्याची एक वृत्ती आहे आणि तिचे मूळ उपासनेत आहे, हा त्यांचा विचार मला आजही पटतो. परंतु त्या निवांतपणामागे जेवणाचे ताट गृहीत धरलेले आहे, हे त्या वेळी मला दिसले नव्हते. काकांच्या त्या एका वाक्याने मला दुसऱ्या एका पुस्तकाकडे वळविले. ऑस्ट्रियातील मारिएनटाल या गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल या समाजशास्त्रज्ञांनी तेथील बेकारांचा अभ्यास केला व तो १९३३ साली प्रसिद्ध केला. माणसांच्या हाती सारा दिवस होता. तरी गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, वारंवार थांबू लागले. दिवसभर काय केले, हे त्यांना सांगता येईना. स्त्रिया मात्र भराभर चालत होत्या, कारण घरकाम बंद पडत नाही. आमच्या वस्तीतील ती बाई मला त्या पानांत दिसली.

आणि आपल्याकडील इतिहास तरी काय सांगतो? मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. पुढील वर्षी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. या दोन्ही ठिकाणी विश्रांती मागितली गेली ती काम करणाऱ्यासाठी. ज्याला कामच नाही, त्याच्या रविवारचे काय, हा प्रश्न पुढचा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये बेकारीला निःसंदिग्धपणे अनिष्ट ठरविले, हे मला ठाऊक होते, त्यावर मी परीक्षेत उत्तरही लिहिले होते!

मग मी दाखला पुन्हा वाचला. ते मजूर निजलेले नव्हते, बाजारात उभे होते. कोणी आपल्याला कामावर लावले नाही, असे ते मालकाला सांगतात आणि मालक ते खोडून काढीत नाही. मी मात्र खोडून काढले होते, तेही वेदीजवळ उभे राहून.

काकांच्या घरी गेलो. मी क्षमा मागितली, तेव्हा ते संकोचले आणि त्यांनी चहा ठेवायला सांगितला. चर्चच्या आवारातील झाडांची निगा राखाल का, असे विचारले. धर्मग्राम मंडळाने दरमहा काही रक्कम मंजूर केली. ती इतकी अल्प होती की येथे लिहिण्याची मला लाज वाटते. काकांनी रकमेविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, ‘हजेरी कुठं मांडाची?’

आमच्याकडे हजेरीपट नव्हता. मी सीताबर्डीहून एक जाड वही आणली. त्यांनी स्वतः पट्टीने रेघा आखल्या. चार वर्षे ते सकाळी सातच्या ठोक्याला येत, वेळ लिहीत, सही करीत आणि अकराला पुन्हा सही करून जात. ती वही अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. प्रत्येक रविवारच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात ‘सुट्टी’ असे लिहिले आहे. आणि त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, पत्नीसह, दुसऱ्या बाकावर बसलेले असत.