वगळलेल्यांचं म्हणणं

दोन देशांत व्यापार वाढला की युद्ध अवघड होतं, यावर माझी बरीच वर्षं श्रद्धा होती. श्रद्धाच म्हणतो, कारण ती मी कधी तपासून पाहिली नाही. इराणचा नैसर्गिक वायू पाकिस्तानमार्गे भारतात आणायची चर्चा २००५च्या सुमारास जोरात होती. मणिशंकर अय्यर तेव्हा पेट्रोलियममंत्री होते आणि त्या प्रकल्पाला ‘पीस पाइपलाइन’ म्हटलं जायचं. मला ते मनापासून पटलं होतं. त्या वाहिनीतून पाकिस्तानला पैसा मिळू लागला, की तो ती बंद कशाला करेल? शंका काढणारे मला युद्धखोर वाटायचे.

या वादात माझा आवडता दाखला जर्मनीचा. शीतयुद्धाच्या काळात, १९७० साली, पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाशी एसेनमध्ये करार केला. जर्मनीने मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप द्यायचे, सोव्हिएत संघाने वायू. १९७३पासून तो वायू येऊ लागला. १९८२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी सायबेरियाच्या पाइपलाइनला सामग्री पुरवणाऱ्या युरोपीय कंपन्यांनाही निर्बंधांच्या कक्षेत ओढलं, तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर खुद्द त्यांच्या विरोधात गेल्या. पुढे बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ फुटला, पण वायू येत राहिला. आणखी कोणता पुरावा हवा, असं मी विचारायचो.

विरोधातले पुरावे दिसत नव्हते असं नाही, पण प्रत्येकावर माझं उत्तर तयार असे. जानेवारी २००९मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यातल्या दराच्या भांडणात सुमारे दोन आठवडे पुरवठा बंद पडला आणि ऐन थंडीत बल्गेरिया, स्लोव्हाकिया गारठले. मी म्हटलं, हा पैशांचा वाद आहे. त्याआधी, २००६मध्ये, पोलंडचे संरक्षणमंत्री सिकोर्स्की यांनी बाल्टिक समुद्राखालून जाणाऱ्या नियोजित वाहिनीची तुलना १९३९च्या हिटलर-स्टालिन कराराशी केली होती. मी म्हटलं, ही जुनी अढी बोलतेय. मॉस्कोच्या वर्चस्वाखाली पिढ्या काढलेल्या लोकांपेक्षा मला रशिया जास्त कळतो, हे मी पुण्यात बसून गृहीत धरलं होतं. त्या उद्दामपणाची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. तरीही माझं मत लगेच बदललं नाही. सिद्धांत बरोबरच आहे, पुतिन अपवाद आहेत, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. तेच म्हणणं लिहून काढायचं म्हणून युरोपातल्या वायुवाहिन्यांचा नकाशा समोर घेतला आणि तिथे अडलो.

सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युरोपकडे जाणारा बहुतेक रशियन वायू युक्रेनमधून जात होता. म्हणजे माझ्याच तर्काप्रमाणे युक्रेनला एक संरक्षण होतं: त्याच्यावर हल्ला करायचा तर रशियाला स्वतःच्या कमाईचा रस्ता धोक्यात घालावा लागला असता. २०११मध्ये सुरू झालेल्या, बाल्टिकखालून जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमने नेमकं हेच संरक्षण कमी केलं. बाराशे किलोमीटरहून लांब, वर्षाला ५५ अब्ज घनमीटर वायू नेऊ शकणारी ही वाहिनी युक्रेन आणि पोलंडला टाळून थेट जर्मनीत पोचली. २०१४मध्ये रशियाने क्रायमिया गिळला, आणि पुढच्याच वर्षी तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या वाहिनीचं ठरलं. जिला मी शांततेचा पुरावा म्हणून मिरवत होतो, ती युद्धाच्या वाटेतला एक अडसर काढत होती.

माझा सिद्धांत मी खरोखर मानत असतो, तर या वाहिनीला मीच विरोध करायला हवा होता. तो मी केला नाही, कारण मला सिद्धांत प्रिय नव्हताच. तो मांडल्यावर मिळणारा समंजसपणाचा मान प्रिय होता.

मग बाकीचंही दिसू लागलं. दोन्ही बाजू एकमेकांवर अवलंबून होत्या, पण सारख्या नाही. रशियाची मोठी कमाई तेलातून, त्यामुळे वायूचे पैसे बुडाले तरी त्याला काही काळ निभावता येणार होतं. जर्मनीचा निम्म्याहून जास्त वायू मात्र रशियाकडून येत होता, आणि जहाजातून द्रवरूप वायू उतरवायला तिच्याकडे एकही टर्मिनल नव्हतं. रेडेन इथला जर्मनीतला सर्वांत मोठा भूमिगत साठा २०१५मध्ये गाझप्रॉम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीच्या हाती गेला होता, आणि युद्धाआधीच्या हिवाळ्यात तो जवळपास रिकामा होता. लिथुएनियासारख्या छोट्या देशाने २०१४मध्येच तरंगतं टर्मिनल आणून दुसरी सोय करून ठेवली होती.

असं एकतर्फी अवलंबून राहण्याच्या चुकीची किंमत एकट्या जर्मनीने मोजली नाही. युरोपने चढ्या भावाने जगभरचा वायू उचलला, आणि २०२२च्या जुलैत बांगलादेशला खुल्या बाजारातली खरेदी थांबवून भारनियमन करावं लागलं. गाझप्रॉमची जर्मन उपकंपनी जर्मनीने ताब्यात घेतली, तेव्हा तिच्या सिंगापूरच्या शाखेकडून भारताच्या ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीला करारानुसार मिळणारा वायूही थांबला.

व्यापार तोडावा, असं मी आजही म्हणणार नाही. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमान यांनी १९५०मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा, पोलाद एका छत्राखाली आणायची कल्पना मांडली आणि ती यशस्वी झाली. पण तिथे दोघांनीही आपला अधिकार सामाईक संस्थेकडे सोपवला होता. नळ कोणा एकाच्या हाती नव्हता.

युक्रेन युद्धानंतर भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता तो एक तृतीयांशापर्यंत गेलेला मी पाहिला आहे. सवलतीचा आनंद मानण्याआधी मी काही प्रश्न विचारतो. पुरवठा थांबला तर आधी कोणाचं अडेल? दुसरी सोय आहे का? आणि हा व्यवहार कोणाला वगळून होतोय? शेवटचा प्रश्न मला वीस वर्षांपूर्वी सुचलाच नव्हता. आता मी सुरुवात त्याच प्रश्नापासून करतो, कारण धोका कुठे आहे हे वगळलेल्याला सर्वांत आधी कळतं.