अंग पुसायची गोष्ट

चाळीत आंघोळीची वेळ नळ ठरवतो. प्रभादेवीच्या जुन्या खोल्यांत अजून पहाटे पिंप भरतं, मोरीत एक बादली मिळते आणि बाहेरून हाक येते, "आवर रे, बाबांना ड्यूटीला जायचंय!" पाच-सात मिनिटं, कोमट पाणी. त्वचेचे डॉक्टर फी घेऊन हेच सांगतात. शेजारच्या टॉवरात गिझरखाली अर्धा तास उभं राहायचं आणि नडग्या खरखरीत झाल्या म्हणून क्रीम आणायचं, असं चालतं.

*

त्वचेचा सामू ५.५ च्या आसपास, साध्या साबणवडीचा ९ ते १०. काखा, जांघा, पावलं यांना साबण रोज हवा. बाकी अंगाला घाम-धूळ नसेल तेव्हा पाणीही पुरतं.

*

मुंबईत न्हाण्यापेक्षा पुसणं अवघड. जुलैत हवाच ओली. जाड टर्किश टॉवेल दोन-दोन दिवस दमट राहतो, कुबट वास मारतो आणि आपण त्यानेच अंग पुसतो. सुती पंचा पंख्याखाली लवकर सुकतो. बनियन-चड्डी अर्धवट वाळली असेल तर इस्त्री फिरवावी.

*

जांघेत ओल राहिली की नायटा. मग मेडिकलवाल्याला सांगायचं, "खाजेची ट्यूब द्या." तीत बहुधा स्टेरॉईड असतं. चार दिवसांत खाज बसते, लाली दबते, बुरशी मात्र पसरत राहते. त्वचा पातळ होते ती वेगळीच. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूब मागणाऱ्याची जीभ कोण आवरणार?

*

सोमवारी रात्री सिद्धिविनायकाला लांबून अनवाणी चालत येणारे दिसतात. पावसाळ्यात त्यांनी घरी गेल्यावर पाय साबणाने धुवावेत, बोटांच्या बेचक्या नीट पुसाव्यात. चिखल्या तिथेच होतात. पायाला जखम असेल आणि साचलेल्या पाण्यातून आला असाल, तर डॉक्टरांना लगेच विचारा. लेप्टोची धास्ती २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईला चांगलीच माहीत आहे.

*

खरूज एकाला झाली तरी मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. चादरी, कपडे गरम पाण्यातून काढायचे. एकट्याने लावलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

*

नरकचतुर्दशीला आधी तेल, मग उटणं. क्रम शहाणा आहे: थंडी लागायच्या आधी त्वचेला तेल मिळतं, उटण्यातली आंबेहळद, वाळा, नागरमोथा जास्तीचं तेल काढतात. तान्ह्या बाळाला मात्र डाळीच्या पिठाने रगडू नये. लव जात नाही, कातडी सोलवटते.

*

घरात चार माणसं असतील तर पंचे चार. भाऊ-भाऊ असले तरी.