निकोपोलिसला कोण कोणाकडून लढलं

चि. बाळ,


तुझ्या तासाचं रेकॉर्डिंग वहिनीने पाठवलं. शिकवतोस छान, आवाज तर थेट भाऊंचा. पण निकोपोलिसच्या लढाईला ‘क्रूस विरुद्ध चंद्रकोर’ म्हणालास, पोरांनी टाळ्या पिटल्या आणि माझा जीव खालीवर झाला. भाऊंच्या हाताखाली वाढलेला तू, आणि हे?

25 सप्टेंबर 1396, डॅन्यूबचा काठ. फ्रेंच सरदारांची घोडदौड, त्यांना अडवणारे अणकुचीदार खुंट, सगळं रंगवलंस. मग स्टेफान लाझारेविच कुठे गाळलास? सर्बियाचा राजपुत्र, पक्का ख्रिस्ती. बाप कोसोव्होला तुर्कांच्या हातून गेला, बहीण त्याच बायेझिद सुलतानाला दिलेली. हंगेरीचा राजा सिगिसमुंड अजून झुंजत होता, तेव्हा सुलतानाच्या बाजूने या स्टेफानचंच घोडदळ तुटून पडलं आणि निकाल लागला. राजा होडीत बसून निसटला. हे एक नाव घेतलं असतंस, तर टाळ्या वाजल्या नसत्या. प्रश्न आले असते.

माझं हे तुणतुणं तुला पाठ आहे, तरी ऐक. सैन्यं मांडलिकीने बांधली जातात, सोयरिकीने, मानापमानाने. तुर्कांशी लढून मुरलेल्या वालाखियाच्या मिर्चाला आधी जाऊ द्या, असं सिगिसमुंड सांगत होता. फ्रेंचांना मागे राहणं कमीपणाचं वाटलं. बायेझिदशी लढण्याआधी ते आपसातच भांडले, हे कोणत्या निशाणाखाली बसवशील?

आणि कैदी! लढाईच्या तोंडावर क्रूसवाल्यांनी राहोव्याहून आणलेले कैदी कापून काढले. जिंकल्यावर बायेझिदनेही तेच केलं. बव्हेरियाचा शिल्टबर्गर त्या कैद्यांच्या रांगेत होता, जेमतेम सोळा वर्षांचा. सोबत्यांची मुंडकी त्याच्यासमोर उडाली. त्याची पाळी आली तेव्हा सुलतानाच्या मुलाची नजर पडली; विशीच्या आतल्यांना मारत नव्हते, म्हणून पोर वाचलं. घरी पोचलं 1427 साली.

तुझ्या वर्गातली मुलं याच वयाची आहेत रे. टाळ्या देणाऱ्या त्या पहिल्या बाकावरच्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. पेटवायला सोपी असतात ही मुलं, आणि तुझं तर ती ऐकतात. मला खरंच भीती वाटते.

सोमवारी पुन्हा तास आहे ना? स्टेफानपासून सुरुवात कर. पोरांनी काय काय विचारलं ते त्याच संध्याकाळी फोनवर सांग. वहिनीकडून निरोप नको.

तुझी,
आत्या