दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण आपण एरवी दुसऱ्याच्या ढोंगाविषयी वापरतो. दूरच्या दंतवैद्याकडून उपचारांच्या खर्चाचा अंदाज मागवताना मात्र ती शब्दशः खरी होते. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांचा हिशेब साधा असतो : पुण्याला जायचेच आहे, तिथे खर्चही कमी, तेव्हा सुट्टीतच दातांचे काम उरकावे. पण सुट्टी तीन आठवड्यांची. म्हणून छायाचित्रे आणि क्ष-किरण चित्रे आधी पाठवून काय करायचे ते ठरवावे लागते. आमच्यापैकी एकीच्या दाढेवरच्या कॅपचा तुकडा उडालेला, दुसऱ्याच्या हाती फोनचा कॅमेरा.

छायाचित्रे पाच हवीत : दात मिटून समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि तोंड उघडून वरची व खालची कमान. खिडकीपाशी बसायचे, चमच्याने गाल बाजूस ओढायचा, श्वास रोखायचा. अल्बमात सदैव ओठ मिटून हसलेल्या व्यक्तीने दात विचकून दाखवणे सोपे नव्हे. वीस वर्षांच्या संसारात एकमेकांचे अक्षर, घोरणे, रुसणे सारे पाठ झाले होते. टाळू मात्र प्रथमच पाहिली. आरशातून घेतलेल्या चित्रात डावे-उजवे उलटते, तेव्हा प्रत्येक चित्रावर बाजू लिहिणेही आले.

खायच्या दातांची गोष्ट क्ष-किरण सांगतात. १८९५च्या नोव्हेंबरात रोंटगेनला ते गवसले आणि १८९६च्या जानेवारीतच ओटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी तो पंचवीस मिनिटे निश्चल राहिला होता. टोमास मानच्या ‘द मॅजिक माउंटन’मध्ये (१९२४) हान्स कास्टोर्प प्रेयसीच्या छातीचे क्ष-किरण चित्र आठवण म्हणून जपतो. चेहरा नसलेले ते चित्र त्याला चेहऱ्याहून जवळचे वाटते. आम्हांस मिळालेले ओपीजी इतके काव्यमय नव्हते. नालासारखा वाकलेला जबडा त्यात सपाट पसरलेला असतो, आणि रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. एकेका मुळाचा बारकावा पाहायचा तर त्या दाताचे वेगळे, छोटे चित्र लागते.

भाषेचा खरा प्रश्न यापुढे उभा राहिला. अमेरिकेत दात १ ते ३२ असे सलग मोजतात. तिथली १४ क्रमांकाची दाढ म्हणजे वरची डावी पहिली दाढ. भारतात बहुधा वापरतात त्या पद्धतीत पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश सांगतो आणि दुसरा मध्यापासूनचे स्थान. तिथे तीच दाढ २६ होते, आणि १४ म्हणजे उजव्या सुळ्यामागची पहिली उपदाढ! एकाच आकड्याने तोंडाची बाजूच बदलते. म्हणून आम्ही आकड्यापुढे मराठीत लिहिले : ‘वरची, डावी, पहिली दाढ’.

दोन दवाखान्यांना हीच चित्रे पाठवली. या दाढेचे रूट कॅनाल पूर्वी झालेले; मुळाच्या टोकाशी चित्रात एक काळसर सावली होती. एकाने कळवले, दाढ काढून इंप्लांट बसवावे. खर्चाचा आकडाही पक्का. दुसऱ्या डॉक्टरांनी आकड्याऐवजी प्रश्न पाठवले. चावताना दुखते का? दाढ हलते का? रूट कॅनाल केव्हाचे? आणि त्या वेळचे चित्र आहे का? अमेरिकेत आपल्या नोंदींची प्रत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. जुन्या दवाखान्याकडून तीन वर्षांपूर्वीचे चित्र आले. त्यात तीच सावली अधिक मोठी होती.

रूट कॅनालनंतर मुळाशी हाड भरून येण्यास महिने, कधी वर्षेही लागतात. एकटे चित्र पाहून सावली पसरते आहे की ओसरते आहे, हे सांगता येत नाही. एका चित्रात अवस्था दिसते. कथानकाला निदान दोन चित्रे आणि त्यांवर तारखा लागतात. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही, पण इथे वाचनभेदाची किंमत एक दाढ होती.

पहिला वाचक अप्रामाणिक होता असे आम्ही म्हणणार नाही. पुढ्यात आलेली संहिता त्याने वाचली. दुसऱ्याने संहितेत काय नाही तेही वाचले, आणि दोन चित्रांचे कोन सारखे नसल्याने तुलनेवर फार भिस्त ठेवू नका, असेही बजावले. त्यांच्या अंदाजात दोन रकाने आहेत : दाढ टिकल्यास नव्या कॅपचा खर्च, न टिकल्यास पुढचा. खाली एक ओळ : ‘प्रत्यक्ष तपासणीनंतर बदल संभवतो.’ अशा ओळी आपण एरवी पळवाट समजून सोडून देतो. आम्ही मात्र त्या ओळीवर विसंबूनच तिकिटे काढली आहेत.